धुराचा सातबारा

कंपन्यांचे वार्षिक अहवाल हा एक स्वतंत्र गद्यप्रकार मानावा आणि मराठीच्या अभ्यासकानेही तो अधूनमधून वाचावा, असे मला अलीकडे वाटू लागले आहे. या गद्याला निवेदक असतो, पण तो कधी एकवचनात बोलत नाही. त्यात घटना असतात, पण त्यांना बहुधा कर्ता नसतो. पाणी वाचवले जाते, झाडे लावली जातात, उत्सर्जन कमी केले जाते. अध्यक्षांचे मनोगत, भागधारकांना द्यायच्या सूचना, ताळेबंद अशी वळणे घेत आपण पुढे गेलो की कुठेतरी एक लहानसा तक्ता लागतो. हरितगृह वायूंचे थेट उत्सर्जन, चालू वर्षी इतके टन, गेल्या वर्षी इतके टन. हा लेख त्या एका ओळीविषयी आहे.

आधी शब्दाविषयी थोडे. आमच्या शालेय विज्ञानाच्या पुस्तकात ‘उत्सर्जन संस्था’ असा धडा असे आणि तो मूत्रपिंडांविषयी असे. शरीर जे बाहेर टाकते ते उत्सर्जन. तिथे ‘थेट’ हे विशेषण लावण्याची गरज कोणाला पडली नाही, कारण शरीर कुठे संपते याविषयी वाद नसतो. कंपनीचे तसे नाही. तिचे शरीर कुठे सुरू होते आणि कुठे संपते, हे आधी ठरवावे लागते आणि मगच तिने काय टाकले ते सांगता येते. ‘थेट’ हा साधा शब्द तक्त्यात येऊन बसला तो या अडचणीपोटी.

मी अष्टमीत राहतो. अष्टमी आणि रोहे ही कुंडलिकेच्या दोन काठांवरची गावे. नगरपालिका एक आणि तिच्या नावात दोघांची नावे जोडलेली. कोकणातल्या बहुतेक नद्या मार्गशीर्षानंतर खडकांत विरून जातात, कुंडलिका मात्र वैशाखातही वाहते. मुळशीच्या धरणाचे पाणी भिऱ्याच्या वीजघरातून खाली उतरून तिला मिळते, हे त्याचे कारण. ज्या धरणाविरुद्ध मावळातल्या शेतकऱ्यांनी १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या बरोबर सत्याग्रह केला, तेच हे धरण. या बारमाही पाण्याच्या काठी, रोह्याच्या वरच्या अंगाला, धाटावची औद्योगिक वसाहत आहे. रंगद्रव्ये, कीटकनाशके आणि इतर उद्योगांना लागणारी कितीतरी मधली रसायने तिथे तयार होतात. वर्तुळ जरा मोठे केले तर नागोठण्याचा पेट्रोरसायनांचा कारखाना, पेण तालुक्यात डोलवीचा पोलाद कारखाना आणि अलिबागजवळ थळचा खत कारखाना त्यात येतो. थेट उत्सर्जनाचे जवळजवळ सगळे प्रकार अभ्यासायला मला तालुक्याच्या फार दूर जावे लागत नाही, ही सोय म्हणायची की काय, ते वाचकांनी ठरवावे.

सेबीने मे २०२१ मध्ये एक परिपत्रक काढले आणि २०२२-२३ या आर्थिक वर्षापासून, बाजारमूल्याने पहिल्या एक हजार सूचीबद्ध कंपन्यांना व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता यांविषयीचा अहवाल सक्तीचा केला. त्याला सगळे ‘बीआरएसआर’ म्हणतात. त्यात नऊ तत्त्वे आहेत आणि सहावे पर्यावरणाचे. हिशेबाची मूळ रीत मात्र आपली नव्हे. वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूट आणि उद्योगांची एक जागतिक परिषद यांनी २००१ मध्ये जो ‘ग्रीनहाऊस गॅस प्रोटोकॉल’ प्रसिद्ध केला, त्यातली ती आहे. तिच्यात धुराच्या तीन वाटण्या आहेत. स्वतःच्या मालकीच्या किंवा ताब्यातल्या बॉयलरमधून, भट्टीतून, रासायनिक प्रक्रियेतून, गाडीतून निघते ते स्कोप वन, म्हणजेच थेट. विकत घेतलेल्या विजेपायी किंवा वाफेपायी दुसऱ्याच्या आवारात निघते ते स्कोप टू. उरलेले सगळे, कच्च्या मालापासून ग्राहकाने केलेल्या वापरापर्यंत, स्कोप थ्री. पहिले दोन सांगणे सक्तीचे, तिसरे ऐच्छिक.

माझा एक जुना विद्यार्थी अशाच एका कारखान्यात पर्यावरण विभागात आहे. अकरावी-बारावीला तो माझ्याकडे मराठी शिकला, पुढे रसायनशास्त्रात पदवी घेतली. हा आकडा दरवर्षी तो भरतो. मी त्याला विचारले, ‘‘अरे, म्हणजे तुम्ही चिमणीत यंत्र घालून मोजता का?’’ तो म्हणाला, ‘‘नाही सर, मोजत नाही. काढतो.’’

मराठीत आपण आकडाही काढतो, विहिरीचे पाणीही काढतो आणि समजूतही काढतो. त्याच्या मनात यातला पहिला अर्थ होता. वर्षभरात आवारात आलेल्या कोळशाच्या पावत्या आणि वजनकाट्याच्या चिठ्ठ्या घ्यायच्या, शिल्लक साठा वजा करायचा, म्हणजे जळलेला कोळसा मिळतो. त्याला त्या प्रतीच्या कोळशासाठी ठरलेल्या गुणकाने गुणायचे. डिझेलचा गुणक लिटरला सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड. कोळशाचा प्रतीनुसार टनाला साधारण दीड टनापासून जवळजवळ अडीच टनांपर्यंत. एक टन कोळशातून दोन टन वायू निघतो, हे मी स्टाफरूममध्ये सांगितले तेव्हा वाणिज्य शाखेच्या दोघांनी ते हसण्यावारी नेले. रसायनशास्त्राच्या सहकाऱ्याने फळ्यावर दोन ओळी लिहिल्या. कार्बनचे वजन १२, त्याला हवेतून येऊन चिकटणाऱ्या ऑक्सिजनचे ३२, बेरीज ४४. म्हणजे एक किलो कार्बन जळला की ३.६७ किलो वायू होतो. वजनात भर पडते ती हवेची. आपण चिमणीतून कोळशापेक्षा जड वस्तू वर सोडतो, हे आमच्यापैकी निम्म्यांना त्या दिवशी प्रथम कळले.

न मोजता काढलेला आकडा म्हटल्यावर आपल्याकडच्या माणसाला अभावणी आठवते. खोती अमलात उभ्या पिकावर नजर टाकून उत्पन्नाचा अंदाज बांधत, ती अभावणी. नजर खोताची आणि घाम कुळाचा. अशा खोती व्यवस्थेविरुद्ध चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली २७ ऑक्टोबर १९३३ पासून सहा वर्षे जमिनी कसल्या नाहीत. सरकारी पैसेवारीही आधी नजरेने आणि मग पीककापणीच्या प्रयोगाने ठरते. तेव्हा ‘काढलेल्या’ आकड्याविषयी आमच्या जिल्ह्याच्या मनात संशय असणे स्वाभाविक आहे. परंतु इथे तो संशय अस्थानी आहे, असे मी सगळे समजून घेतल्यावर म्हणेन. कोळसा पैसे मोजून घेतलेला असतो. त्याची पावती लेखापरीक्षकाने पाहिलेली असते. आणि जळलेला कार्बन कुठे ना कुठे जातोच. चिमणीतल्या वायूचा वेग आणि त्यातले प्रमाण अहोरात्र मोजणे हे काम खर्चाचे आणि अनेकदा अधिक चुकीचे. अमेरिकेतल्या मोठ्या वीजकेंद्रांच्या चिमण्यांत कार्बन डायऑक्साइड प्रत्यक्ष मोजला जातो, ही गोष्ट वेगळी. आपल्याकडे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१४ मध्ये अतिप्रदूषक उद्योगांच्या सतरा वर्गांना चिमणीवर सतत मोजणारी यंत्रे बसवायला सांगितले, ती धूलिकण, सल्फर डायऑक्साइड, नायट्रोजनची ऑक्साइडे यांच्यासाठी. हरितगृह वायू हा त्यांचा विषय नव्हता.

पोलादाचे गणित याहून रंजक आहे. डोलवीत कोळसा नुसता उष्णतेसाठी लागत नाही. लोहखनिजातला ऑक्सिजन ओढून काढायला कार्बनच लागतो, म्हणजे तो तिथे एकाच वेळी सरपणही आणि हत्यारही. अशा ठिकाणी आत आलेला सगळा कार्बन (कोळसा, कोक, चुनखडी, वायू) एका बाजूला मांडतात आणि बाहेर गेलेला, म्हणजे पोलादात व उपउत्पादनांत उरलेला, दुसऱ्या बाजूला. फरक आकाशात गेला असे धरतात. जमाखर्चाची ही रीत कोणत्याही वाण्याला पटेल. जगात सरासरी एक टन पोलादामागे दोन टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो. जेएसडब्ल्यू स्टीलने तो आकडा २०३० पर्यंत १.९५ वर आणण्याचे उद्दिष्ट जाहीर केले आहे. हे उद्दिष्ट सबंध कंपनीचे आहे. डोलवीचे किती, विजयनगरचे किती, ते त्या एका दशांश चिन्हात कालवलेले.

काही वायूंच्या बाबतीत मात्र पावत्यांवर भागत नाही. तळोज्यात नायट्रिक आम्ल तयार होते. त्या प्रक्रियेत थोडा नायट्रस ऑक्साइड सुटतो. दंतवैद्य भुलीसाठी वापरतात तोच, ज्याला हसवणारा वायू म्हणतात. तो किती सुटेल ते उत्प्रेरकाच्या जाळीचे वय, दाब, तापमान यांवर अवलंबून असते, कच्च्या मालाच्या वजनावरून नेमके सांगता येत नाही. आणि याचा एक किलो शंभर वर्षांच्या मापाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २६५ किलोंइतका तापतो. इथे खरोखर मोजावे लागते, नाहीतर सरधोपट गुणक घेऊन गप्प बसावे लागते. बीआरएसआरच्या नमुन्यात थेट उत्सर्जनाच्या ओळीत एक कंस आहे. त्यात सात वायूंची वा वायुगटांची नावे आहेत आणि त्यांची फोड द्या, असे म्हटले आहे, ‘उपलब्ध असल्यास’. हे दोन शब्द मी वर्गात व्याकरणाच्या तासाला सांगतो. संकेतार्थाचा इतका किफायतशीर उपयोग साहित्यात क्वचित आढळतो.

आता नाकाची गोष्ट. अष्टमीत कित्येक रात्री वारा पडला की वास येतो. कधी सडक्या कोबीसारखा, कधी घशात उतरणारा गोडसर. तो कोणत्या आवारातून येतो हे रात्री दोन वाजता अंथरुणात बसून सांगता येत नाही, आणि मी सांगणारही नाही. घरात दम्याचा माणूस असेल तर खिडकी लावावी की उघडी ठेवावी, हा प्रश्न मात्र त्याच वेळी सोडवावा लागतो. थेट उत्सर्जनाचा आकडा मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा साहजिकच मला वाटले की या रात्रींचा हिशेब इथे लागला असेल. तो लागलेला नसतो. कार्बन डायऑक्साइडला वास नाही, मिथेनला नाही. ज्यांना वास आहे, ती गंधकाची संयुगे हवेच्या अब्ज भागांत दोन-चार भाग असली तरी नाकाला कळतात. टनांच्या हिशेबात त्यांचे वजन काहीच भरत नाही आणि त्यांनी पृथ्वी तापतही नाही. त्यांची सोय या तक्त्याच्या लगेच आधीच्या तक्त्यात आहे. ‘हरितगृह वायू सोडून हवेतील इतर उत्सर्जने’ असे त्याचे नाव असून त्यात आकडा कोणत्या एककात द्यायचा तेही कंपनीनेच नमूद करायचे. कारखान्याच्या शेजाऱ्याला ‘थेट’ म्हणजे भिंतीपलीकडून आलेले असे वाटते. अहवालाच्या भाषेत ‘थेट’ म्हणजे मालकीचे. एकच शब्द, पण दोन कोशांतला.

मालकीचा हा अर्थ किती जोरकस आहे याचे धाटावात एक चांगले उदाहरण आहे. रंगद्रव्यांचा एक जुना कारखाना आमच्या पिढीच्या तोंडी अजून ‘कलरकेम’ आहे. कलरकेम पुढे क्लॅरिअंट झाली. २०२२ मध्ये क्लॅरिअंटचा रंगद्रव्यांचा व्यवसाय हॉयबाखकडे गेला. २०२५ मध्ये पुण्याच्या सुदर्शन केमिकलने हॉयबाख समूहच विकत घेतला. सुदर्शनचा स्वतःचा जुना कारखानाही रोह्यातच आहे. चिमणी जागची हलली नाही. तिचा धूर मात्र जर्मन-स्विस वहीतून निघून पुण्याच्या वहीत आला. नियमही याला सोडून नाही, उलट तसाच आहे: कारखाना विकत घेतला की धूरही विकत घेतला, आणि जुन्या वर्षाची तुलना बिघडू नये म्हणून आधारवर्षाचा आकडाही सुधारून घ्यायचा. जमिनीच्या फेरफार नोंदीसारखेच हे. वर्षानुवर्षे एखाद्या कंपनीचा आकडा खाली येताना दिसला तर धूर कमी झाला की फेरफार झाला, हे तळटीप वाचल्याशिवाय समजू नये.

कोकणातल्या माणसाला बांध कोरणे म्हणजे काय ते समजावून सांगावे लागत नाही. दर पावसाळ्यात वीतभर. या हिशेबातही बांध आहेत. कारखान्याने स्वतःचा बॉयलर बंद करून शेजाऱ्याकडून वाफ घेतली तर त्याचे थेट उत्सर्जन तेवढ्याने घटते. धूर शेजारच्या भूखंडावरून निघतो आणि याच्या वहीत दुसऱ्या ओळीत जातो. मालाची ने-आण स्वतःच्या ट्रकांनी केली तर डिझेल थेट, वाहतूकदाराच्या ट्रकांनी केली तर तिसऱ्या वाटणीत, म्हणजे ऐच्छिक रकान्यात. कोळशाऐवजी भुशाच्या किंवा पेंढ्याच्या कांड्या जाळल्या तर त्यातून निघालेला कार्बन डायऑक्साइड तिन्ही वाटण्यांबाहेर वेगळा दाखवायचा असतो, कारण रोपाने तो वर्षापूर्वी हवेतूनच घेतला होता. भाताच्या भुशाबाबत हे मला पटते. कांड्यांत लाकडाचा भुसा असेल तर ते झाड पुन्हा तेवढे वाढायला किती वर्षे लागतील, हा प्रश्न त्या तक्त्यात मावत नाही. यात लबाडी आहे असे मला म्हणायचे नाही. हद्द आखली की हद्दीपलीकडे काहीतरी राहणारच.

हद्दीचे सगळ्यात सुंदर उदाहरण मला थळच्या खतात सापडले. नैसर्गिक वायूपासून अमोनिया करताना कार्बन डायऑक्साइड सुटतो. तोच अमोनियाशी जोडून युरिया करतात. साठ किलो युरियात चव्वेचाळीस किलो कार्बन डायऑक्साइड बांधलेला असतो. म्हणजे आज मिळणाऱ्या ४५ किलोच्या गोणीत ३३ किलो. आंतरराष्ट्रीय हवामान समितीच्या, म्हणजे आयपीसीसीच्या, २००६ च्या मार्गदर्शक पद्धतीनुसार युरियात गेलेला हा वायू अमोनियाच्या हिशेबातून वजा होतो. कारण तो चिमणीतून गेलाच नाही, गोणीत गेला. ती गोणी आमच्याकडच्या खाचरात रिकामी होते, जमिनीतले जिवाणू युरिया फोडतात आणि वायू मोकळा होतो. देशाच्या यादीत त्याची नोंद शेती या सदरात पडते. हिशेबाच्या दृष्टीने हे निर्दोष आहे. वायू जिथे सुटला तिथेच मांडला. तरी गुडघाभर चिखलात उभ्या असलेल्या माणसाच्या नावावर थळची उरलीसुरली चिमणी चढलेली पाहून मला क्षणभर अभावणीच आठवली.

माझी तक्रार मोजण्याविषयी नाही, हे एव्हाना लक्षात आले असेल. ती पत्त्याविषयी आहे. सातबाऱ्याच्या उताऱ्यावर सर्वांत वर गाव लिहिलेले असते, मग तालुका, मग जिल्हा. मालक त्याच्या खाली येतो. बीआरएसआरच्या तक्त्यात मालक आहे, गाव नाही. दीपक नायट्राइट बडोद्याची कंपनी. तिचे कारखाने रोहे, तळोजे, नंदेसरी, हैदराबाद अशा ठिकाणी. एक्सेल इंडस्ट्रीज मुंबईची. रोहे आणि लोटे दोन्हीकडे. नमुना विचारतो तो सगळ्यांचा मिळून एक आकडा. गुंतवणूकदाराला तो पुरतो, कारण त्याने समभाग घेतला आहे तो सबंध कंपनीचा. कुंडलिकेच्या काठच्या माणसाने काही घेतलेलेच नाही, म्हणून त्याला पुरत नाही. शिवाय धाटावातले अनेक कारखाने सूचीबद्धच नाहीत; त्यांच्या धुराला हा तक्ताही नाही.

गाव लिहिणे अशक्य आहे असे मात्र कोणी म्हणू नये. युरोपात २००५ पासून उत्सर्जनाचा बाजार चालतो आणि तिथे कारखानानिहाय आकडे कोणालाही पाहता येतात. अमेरिकेत वर्षाला पंचवीस हजार टनांवरच्या बहुतेक कारखान्यांचे आकडे २०१० पासून ठिकाणासह उपलब्ध झाले. २०२५ मध्ये तिथल्या सरकारने तो उपक्रम बव्हंशी गुंडाळण्याचा प्रस्ताव मांडला, हेही सांगितले पाहिजे. आपल्याकडे ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने कार्बन बाजारासाठी सिमेंट, ॲल्युमिनियम, क्लोर-अल्कली आणि कागद या चार उद्योगांना उत्सर्जन-तीव्रतेची उद्दिष्टे घालून दिली, तेव्हा राजपत्रात एकेका कारखान्याचे नाव छापले. रंगद्रव्ये आणि कीटकनाशके त्या चारांत नव्हती.

हे सगळे मी माझ्या विद्यार्थ्याला ऐकवले. तो शांतपणे म्हणाला, ‘‘सर, गावाचं नावच हवं असेल तर संमतीपत्र बघा.’’ महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ प्रत्येक कारखान्याला, सूचीबद्ध असो वा नसो, चालवण्याची संमती देते आणि ती संमतीपत्रे मंडळाच्या संकेतस्थळावर पाहता येतात. वर भूखंड क्रमांक असतो, मग औद्योगिक वसाहत, तालुका रोहा, जिल्हा रायगड. आत चिमण्यांची यादी असते: कोणती चिमणी कशाला जोडली आहे, उंची किती मीटर, इंधन कोणते, दिवसाला किती टन, त्यात गंधक किती टक्के. कार्बन डायऑक्साइडचा रकाना नाही. पण इंधनाचे नाव आणि वजन आहे, आणि गुणक आता आपल्याला माहीत आहे. समजा, एका बॉयलरला दिवसाला ४० टन कोळशाची परवानगी आहे, वर्षाचे ३३० दिवस धरले तर १३,२०० टन, टनाला १.७ चा गुणक लावला तर २२,४४० टन वायू. एवढा गुणाकार कलाशाखेलाही जमतो.

परवानगी म्हणजे वापर नव्हे, कमाल मर्यादा फक्त. तेव्हा हा आकडा खरा आकडा नाही, खऱ्या आकड्याच्या डोक्यावरचे छप्पर आहे. तरी द्वितीय वर्षाच्या काही मुलांना बरोबर घेऊन मी धाटावची संमतीपत्रे वाचायला सुरुवात केली आहे. मुलांनी वहीत तीन रकाने आखले. पहिल्यात भूखंड क्रमांक, दुसऱ्यात परवानगीचे इंधन आणि त्याचा वायू. तिसरा, प्रत्यक्ष जाळलेल्या इंधनाचा, कोराच आहे. त्यातला निदान एक आकडा माझ्या विद्यार्थ्याच्या संगणकात आहे, त्याला तो पाठही असावा. तो मी त्याला विचारलेला नाही, आणि मी विचारत नाही हे त्याच्या लक्षात आलेले आहे.